मोटरहोममध्ये पाणी पुरवायचं कसं: टाकी भरण्याआधीपासून रिकामी करेपर्यंत

मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, पाणी वाचवायला बहुतेक जण सुरुवात करतात ती टाकीचा काटा पाव भागावर आला की. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेतात. तोवर पाऊण टाकी संपलेली असते आणि त्यातलं बरंचसं पाणी कुणाच्या उपयोगालाही आलेलं नसतं. गरम पाणी येण्याची वाट बघताना ते वाहून गेलेलं असतं, सैल जोडातून झिरपलेलं असतं, एक चमचा विसळायला नळ पूर्ण सोडल्यामुळे गेलेलं असतं. मग उरलेल्या पाण्यावर जी काटकसर सुरू होते ती भलत्याच जागी. माणसं पाणी कमी पितात, हात नीट धूत नाहीत, टॉयलेटमध्ये पुरेसं पाणी सोडत नाहीत.

म्हणून इथे कामांचा क्रम पाळा. आधी मोजणी, मग गळती, मग नळाची धार, मग टाकी भरणं. सवयींचा विषय त्यानंतर. सवयींपासून सुरुवात केली तर दोन दिवस उत्साह टिकतो आणि तिसऱ्या दिवशी गाडीत चिडचिड सुरू होते. गळती बंद झाली आणि धार बारीक झाली की मात्र कुणाला काही न सांगताही पाणी वाचायला लागतं.

पहिले पाच टप्पे निघण्याच्या निदान आठवडाभर आधी, घराजवळ गाडी उभी असतानाच उरकायचे आहेत.

## टप्पा १: टाकी एक नाही, तीन आहेत

मोटरहोममध्ये स्वच्छ पाण्याची टाकी असते, सिंक आणि शॉवरचं सांडपाणी साठवणारी दुसरी असते आणि टॉयलेटची तिसरी. टॉयलेटची टाकी काही गाड्यांत खाली कायमची बसवलेली असते, तर काहींत सुटकेससारखी ओढून बाहेर काढता येणारी कॅसेट असते. या तिन्हींची क्षमता गाडीच्या माहितीपुस्तकातून काढा आणि एका कागदावर लिहून सिंकवरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

तुमचा मुक्काम किती दिवस चालणार हे या तिघींपैकी जिची वेळ आधी संपते ती ठरवते. बहुतेकांचं लक्ष फक्त स्वच्छ पाण्यावर असतं, आणि चुकतं ते इथेच.

समजा, स्वच्छ पाण्याची टाकी १०० लिटरची आहे, सांडपाण्याची ८० आणि कॅसेट १८ लिटरची. दोन माणसं आहेत. टॉयलेटला माणशी रोज दोन-तीन लिटर पाणी जातं, त्यात शरीरातून जाणारं धरलं तर दोघांचं मिळून रोजचं सात ते नऊ लिटर होतं. सुरुवातीला कॅसेटमध्ये घातलेलं औषधी पाणी, म्हणजे टॉयलेटचं रसायन मिसळलेलं पाणी, दोन लिटर. म्हणजे कॅसेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच भरत आली. अशा वेळी आंघोळ टाळून मुक्काम एका दिवसानेही लांबणार नाही. दिवसा बाहेरची स्वच्छतागृहं वापरा किंवा कॅसेट मध्येच एकदा रिकामी करून आणा, मग मात्र बाकीच्या बचतीला अर्थ येईल.

वजनाचं भान: १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १०० लिटर भरलं की एका धडधाकट माणसापेक्षा जास्त वजन चढलं. गाडीची एकूण वजनमर्यादा आणि दोन्ही ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसांच्या, मर्यादा बघा. सामानसुमान, माणसं आणि भरलेली टाकी अशा सगळ्यासकट गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. काही गाड्यांमध्ये चालत्या प्रवासासाठी टाकी अर्धवटच भरायची सूचना असते, ती पाळा आणि मुक्कामाच्या जवळ पोचल्यावर उरलेली भरा.

टाकीच्या काट्यावर विसंबू नका: बऱ्याच गाड्यांतला दर्शक फक्त पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण एवढंच सांगतो. गाडी एका अंगाला कललेली असली तर तेही चूक. सांडपाण्याच्या टाकीत तेलकट थर बसला की टाकी रिकामी असतानाही दिवा 'भरली' म्हणतो. गाडी सपाट जागी उभी करून रिकाम्या टाकीत १० लिटरच्या कॅनने पाणी ओता आणि कितव्या कॅनला कोणता दिवा लागतो ते लिहून ठेवा. तासाभराचं काम आहे, पण 'पाव' म्हणजे नेमके किती लिटर हे त्यानंतर कायमचं कळतं.

## टप्पा २: आपला वापर मोजा

एक मोजपात्र आणि घड्याळ घ्या. प्रत्येक नळ नेहमी सोडता तेवढाच सोडा, १५ सेकंदांत जमलेलं पाणी मोजा आणि त्याला ४ ने गुणा. शॉवरखाली बादली ठेवून तसंच करा. मिनिटाला किती लिटर जातात हे समोर येतं आणि पहिल्यांदा मोजणारा प्रत्येक जण चपापतो. मिनिटाला १० लिटर सोडणारा शॉवर पाच मिनिटं चालला की ५० लिटर गेले, म्हणजे एका आंघोळीत अर्धी टाकी.

त्यानंतर माणशी रोजचं अंदाजपत्रक मांडा. मी धरतो ते असं:

- पिणं आणि स्वयंपाक: ४ ते ५ लिटर
- भांडी: ३ ते ४ लिटर
- हात, तोंड, दात: २ ते ३ लिटर
- टॉयलेट: २ ते ३ लिटर
- आंघोळ: ८ ते १० लिटर, दिवसाआड धरली तर रोजचे ४ ते ५

एकूण माणशी १५ ते २० लिटर. १०० लिटरच्या टाकीतले १० लिटर राखीव ठेवले तर उरलेले ९० दोघांना सव्वादोन ते तीन दिवस जातात. यात सांडपाण्याच्या टाकीत उतरणारं पाणी माणशी ९ ते १२ लिटर. हवा गरम असेल, चालणं-चढणं जास्त असेल किंवा बरोबर लहान मूल असेल तर पिण्याचा आकडा वाढवा. तो कमी करायचा विचारही नको.

तपासणी: गाडी दारात उभी असतानाच एक दिवस-रात्र तिच्यात राहून बघा. स्वयंपाक, भांडी, आंघोळ, टॉयलेट, सगळं गाडीतलंच वापरायचं. दुसऱ्या दिवशी कागदावरचा हिशेब आणि टाकीतली घट यांचा मेळ बसत नसेल तर पुढचा टप्पा तुमच्यासाठीच आहे.

## टप्पा ३: गळती शोधा

हा टप्पा लोक हमखास टाळतात, कारण गळती डोळ्यांना दिसत नाही. जमिनीवर डबकं झालेलं नाही म्हणजे गळत नाही, असं धरून चालतात. पण सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला निदान चार लिटर जातात, म्हणजे जवळपास एका माणसाचं पिण्याचं पाणी.

गळतीची खबर पंप देतो. मोटरहोममधला पंप दाबावर चालतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, नळ बंद केला की दाब भरून पंप थांबतो. नळ बंद असताना तो मधूनच वाजत असेल तर दाब कुठेतरी उतरतो आहे.

एका मुक्कामी रात्री दोनच्या सुमारास आमचा पंप अर्धा सेकंद 'टर्र' वाजून थांबला. वीस मिनिटांनी पुन्हा. सगळे झोपलेले, सगळे नळ बंद. टॉर्च घेऊन सिंकखालचं कपाट उघडलं, जोडांवरून बोटं फिरवली तर सगळं कोरडं वाटलं. शेवटी टिश्यू पेपरची पट्टी एकेका जोडाभोवती गुंडाळली, तेव्हा गरम पाण्याच्या नळीजवळच्या पट्टीच्या कडेला नखाएवढा ओला डाग उमटला. त्या जोडावरची प्लॅस्टिकची आट्यांची चकती हातानेच पाव फेरा आवळली. त्यानंतर पंप सकाळपर्यंत वाजला नाही.

तुम्ही हे असं करा:

1. पंप चालू करा, प्रत्येक नळ एकदा उघडून नळ्यांतली हवा जाऊ द्या आणि सगळे नळ घट्ट बंद करा.
2. पंप थांबला की रेडिओ, पंखा सगळं बंद करून तासभर कान देऊन बसा. पाण्याचा दाब साठवणारी छोटी टाकी पंपाला जोडलेली असेल तर पंप उशिरा वाजतो, तेव्हा रात्रभर वाट बघा.
3. पंप वाजला तर टिश्यूच्या पट्ट्या घेऊन सिंक, शॉवर, टॉयलेट, हीटर आणि खुद्द पंपाचे जोड तपासा. पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या भांड्याची चकती विसरू नका, तीच बऱ्याचदा सैल निघते.
4. टॉयलेटच्या भांड्यात कोरडा टिश्यू पसरून ठेवा. तासाभराने तो भिजला असेल तर झडप नीट बसत नाही.
5. गाडीखाली वाकून हीटरची निचरा-झडप बघा. पाणी तापताना दाब कमी करणाऱ्या झडपेतून थोडे थेंब पडणं स्वाभाविक आहे. पाणी गार असतानाही ठिबकत राहिलं तर दुरुस्ती हवी.

सगळे जोड कोरडे आणि तरीही पंप वाजतोच, असं झालं तर पंपाच्या आतली पाणी मागे जाऊ न देणारी झडप खराब असू शकते. पाणी तेव्हा बाहेर सांडत नाही, टाकीत परत जातं.

सावधान: प्लॅस्टिकच्या चकत्या पान्याने आवळू नका. आटे तुटतात आणि थेंबाची धार होते. हाताने आवळून गळती थांबली नाही तर आतलं रबरी वायसर बदला.

आणि गळती नसली तरी हे कायमचं लक्षात असू द्या: गाडी चालवताना, झोपताना आणि गाडी सोडून जाताना पंपाचं बटण बंद. नळी निसटली तर चालू पंप अख्खी टाकी जमिनीवर ओतून मोकळा होईल.

## टप्पा ४: धार बारीक करा

नळाच्या तोंडाशी पाण्यात हवा मिसळणारी जाळी बसवा. धार भरदार वाटते आणि पाणी कमी जातं. शॉवरसाठी मिनिटाला ५ लिटरच्या आसपास पाणी सोडणारं आणि पाणी थांबवायचं बटण हातातच असलेलं तोंड घ्या. वापरून बघितल्याशिवाय कायम करू नका. पंपाचा दाब कमी असला तर काही तोंडांतून नुसता फवारा येतो आणि केसांतला साबण निघता निघत नाही, मग आंघोळ लांबते आणि बचत बाजूलाच राहते.

सावधान: शॉवरच्या तोंडाशी पाणी थांबवलं आणि खालचा मिक्सर नळ, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा नळ, उघडाच राहिला, तर गरम आणि गार पाणी नळ्यांमध्ये एकमेकांत सरकतं. पुन्हा बटण दाबल्यावर पहिला झोत चटका देणारा येऊ शकतो. पहिले दोन सेकंद शॉवर अंगावर धरू नका, लहान मुलांच्या तर नक्कीच नको.

आता गरम पाण्याची वाट. हीटरपासून शॉवरपर्यंत आतून १० मिलिमीटर व्यासाची ५ मीटर नळी असेल तर तिच्यात ४०० मिलिलिटर गार पाणी उभं असतं. हवं ते तापमान जुळेपर्यंत प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट जातं, आणि दिवसातून चार-पाच वेळा जातं. त्यावर दोन उपाय. गरम नळ्यांना फोमचं वेष्टण घाला. आणि मिक्सरची मूठ जिथे बरोबर तापमान देते तिथे नेलपॉलिशचा ठिपका लावा, म्हणजे इकडेतिकडे फिरवत बसावं लागत नाही. तरी जे गार पाणी येईल ते दोन लिटरच्या डब्यात धरा. हा डबा शॉवरमध्ये कायमचा ठेवायचा.

साधी फवाऱ्याची बाटलीही दोन घ्या, एक निव्वळ पाण्याची आणि दुसरी भांड्यांच्या पातळ साबणाची. त्यांवर मोठी नावं घाला.

## टप्पा ५: टाकी निर्जंतुक करा, मग भरा

बचतीच्या लेखात टाकी धुण्याचं काय काम, असं वाटेल. पण मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी पाण्याला वास यायला लागला की माणूस सगळीच टाकी ओतून देतो. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होतं.

बिनवासाचं, ५ टक्क्यांच्या आसपास सोडियम हायपोक्लोराइट असलेलं साधं ब्लीच घ्या. टाकीच्या क्षमतेनुसार दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर, म्हणजे १०० लिटरला १०० मिलिलिटर. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळा, मग टाकीत ओता आणि टाकी पूर्ण भरा. गरम-गार सगळे नळ, शॉवरसुद्धा, क्लोरीनचा वास येईपर्यंत चालवा. निदान चार तास, जमल्यास रात्रभर ठेवा. मग सगळं काढून टाका आणि वास जाईपर्यंत टाकी धुवा. हीटरमध्ये हे पाणी चालतं की नाही हे मात्र माहितीपुस्तकात बघा, कारण क्लोरीनने काही धातू खराब होतात. चालत नसेल तर हीटर वगळून करा.

सावधान: ब्लीच आणि टॉयलेटची किंवा इतर सफाईची रसायनं कधीही एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो.

भरताना पिण्याच्या पाण्यासाठीचीच नळी वापरा. आधी मिनिटभर पाणी वाहू द्या, नळीतलं शिळं पाणी बादलीत धरा आणि गाडीच्या काचा पुसायला वापरा. नळीची दोन्ही तोंडं झाकण लावून पिशवीत ठेवा. टॉयलेट धुण्याची नळी वेगळ्या रंगाची, वेगळ्या कप्प्यात.

पिण्याचं पाणी टाकीबाहेर, वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. टाकी संपली तरी पिण्याचं पाणी हाताशी राहतं. आणि १० लिटरचा एक बंद कॅन राखीव. याचं झाकण फक्त अडचणीत उघडायचं.

## टप्पा ६: प्रवासातला रोजचा वापर

आंघोळ. शॉवर चालू करण्यापूर्वी साबण, शॅम्पू, पंचा, सगळं हाताशी घ्या. ३० सेकंद अंग भिजवा आणि पाणी बंद. साबण लावून, चोळून झाल्यावर दीड मिनिटात सगळा साबण काढा. मिनिटाला ५ लिटरच्या शॉवरने हे १० लिटरमध्ये बसतं. शॅम्पूचा फेस जास्त झाला की तो काढायलाच पाणी जातं, म्हणून नेहमीच्या निम्माच घ्या. आंघोळ नसलेल्या दिवशी लिटरभर कोमट पाण्यात टॉवेल भिजवून अंग पुसून घेतलं तरी बरं वाटतं.

भांडी. पाण्याला हात लावण्याआधी प्रत्येक भांडं रबरी खरवडणीने किंवा कागदाने पूर्ण पुसा आणि तो कागद कचऱ्यात टाका. तेल आणि अन्नाचे कण सांडपाण्याच्या टाकीत गेले की तिसऱ्या दिवशी गाडीभर वास सुटतो, म्हणून हे दोन्हींसाठी करायचं. मग साबणाचा फवारा, चोळणं आणि शेवटी लिटर-दीड लिटरच्या पातेल्यात विसळणं. आधी पेले, मग ताटल्या, शेवटी तेलकट कढई. क्रम उलटा केलात की विसळण्याचं पाणी दोनदा बदलावं लागतं. जेवणानंतर लगेच पुसलेली भांडी दिवसातून एकदाच धुतली तर आणखी पाणी वाचतं. वाळून कडक झालेली मात्र दुप्पट पाणी खातात.

दात आणि दाढी. पेलाभर पाण्यात. याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

हात. इथे कंजुषी नको. नळ हळू सोडा, हात ओले करा, बंद करा, साबणाने २० सेकंद चोळा, मग धुवा. बाहेर चिखलाचे पाय किंवा कुत्र्याचे पंजे धुवायला झाकणाला भोकं पाडलेली दोन लिटरची बाटली पुरते.

टॉयलेट. सर्वांत महागात पडणारी चूक इथली आहे. गाडीखाली कायम बसवलेली टाकी असेल तर तिच्यात तळ झाकेल एवढं पाणी आधीच हवं आणि प्रत्येक वापरानंतर पुरेसं पाणी सोडायला हवं. पाणी वाचवायला गेलात तर मैला भांड्याखाली ढिगासारखा साठून वाळतो आणि ती टाकी मोकळी करणं फार किळसवाणं, वेळखाऊ काम होतं. कॅसेटला कमी पाणी चालतं, पण सुरुवातीचं औषधी पाणी टाळू नका. लवकर विरघळणारा टॉयलेट पेपरच वापरा. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी, टॉयलेटमध्ये नाहीत.

शॉवरच्या डब्यात धरलेलं गार पाणी इथे कामी येतं, थेट भांड्यात ओता. भांडी विसळलेलं पाणीही त्याच दिवशी ओतता येतं. पण ते फ्लशच्या टाकीत भरू नका, पंप आणि झडपा तुंबतात. रात्रभर साठवूही नका.

कपडे. मुक्कामात धुवू नका. नळ असलेलं ठिकाण येईपर्यंत थांबा.

रोजची तपासणी: ठरावीक वेळी, शक्यतो सकाळी, तिन्ही टाक्या बघून आकडे लिहा. अंदाजापेक्षा ५ लिटर जास्त गेले असतील तर त्याच दिवशी कारण शोधा. बरोबरच्यांना हे आकडे दिसू द्या. 'पाणी जपून वापरा' हे शंभरदा सांगण्यापेक्षा दारावर लिहिलेलं '६२ लिटर' जास्त काम करतं.

## टप्पा ७: रिकामं करणं आणि पुन्हा भरणं

सांडपाणी रस्त्याकडेला, झाडाखाली किंवा ओढ्यात सोडू नका. साबण आणि अन्नाचे कण त्यात असतातच आणि बऱ्याच ठिकाणी तो गुन्हाही आहे. सांडपाण्याची झडप थोडी उघडी ठेवून गाडी चालवणारे दिसतात, तेही तितकंच वाईट. बाहेर भांडी किंवा हात धुवायचेच झाले तर नदी-तळ्यापासून निदान ६० मीटर लांब.

ठरवून दिलेल्या जागी पोचल्यावर क्रम असा:

1. हातमोजे घाला. आधी टॉयलेटची टाकी रिकामी करा. ती दोनतृतीयांश तरी भरलेली असली तर एका दमात साफ होते. कॅसेटला ही अट नाही.
2. कायमची टाकी असेल तर त्याच निचरा नळीतून मग सांडपाणी सोडा. साबणाच्या पाण्याने नळी आतून धुतली जाते, वेगळं पाणी लागत नाही. हा क्रम उलटा झाला तर चांगलं पाणी वापरून नळी धुवावी लागते.
3. टॉयलेटच्या टाकीत नवं पाणी आणि औषध घाला, दोन्ही झडपा बंद झाल्याची खात्री करा.
4. हातमोजे काढा, साबणाने हात धुवा.
5. त्यानंतरच पिण्याच्या पाण्याचा नळ. निचऱ्याच्या जागेजवळचा नळ पिण्याचा असेलच असं नाही, त्यावरची पाटी वाचा. तोटी पुसून घ्या, कारण आधीच्या माणसाने तिथे कॅसेट धुतलेली असू शकते.
6. नळ लांब असेल तर गाडी हलवण्याऐवजी १० लिटरच्या कॅनने आणा. एका माणसाला दोन्ही हातांत मिळून २० किलो झेपतात, त्याहून मोठे कॅन टाकीच्या तोंडापर्यंत उचलताना पाठ धरते.

निघताना स्वच्छ पाण्याच्या टाकीचं झाकण कुलूपबंद केलंत का ते बघा. भरण्याच्या जागी झाकण गाडीच्या छतावर ठेवून तसंच निघून जाणारे कमी नाहीत. सुटं झाकण एक जास्तीचं घेऊन ठेवा, ते पंपाच्या फ्यूज आणि रबरी वायसरांच्या डब्यात मावतं.